५० सीसी की ७०? झाडतोडीच्या कामासाठी चेनसॉ कुठली घ्यावी (इंदूर)

रामबागकर · सोमवार, रात्री ९.१०

मंडळी नमस्कार. ट्रॅक्टर-ट्रॉलीवर लाकूड वाहायचा माझा धंदा, ११ वर्षं झाली. शेतकऱ्याकडून उचलायचं, टालावर, म्हणजे लाकडाच्या वखारीत टाकायचं, भाडं घ्यायचं. तोडणारे वेगळे असायचे. गेल्या वर्षापासून शेतकरीच म्हणायला लागले की तोडूनही तुम्हीच द्या, दोन माणसांशी कोण बोलत बसणार. काम बहुतेक सिमरोल, चोरल, मानपूर या पट्ट्यातलं. लोकांनी २५-३० वर्षांपूर्वी लावलेलं सागवान, बांधावरची नीलगिरी, आणि पावसाळ्यात आडव्या झालेल्या चिंचा, आंबे, बाभळी.

आत्ता हाताशी एकच मशीन आहे. ऑनलाइन मागवलेली, साडेसहा हजारांची, कव्हरवर मोठ्या अक्षरांत ५८ सीसी लिहिलेली. पहिला सीझन बरा गेला. दुसऱ्या सीझनला पिस्टन जाम. नवा टाकला, तो दीड महिन्यात गेला. आता ती गोठ्यात टांगलेली असते आणि वडील येता-जाता तिच्याकडे बघतात, बोलत काही नाहीत.

तर प्रश्न असे. ५० सीसी घ्यावी की ७०? कंपनी स्टील (Stihl) की हस्कवर्ना? बार, म्हणजे चेन फिरते ती पट्टी, १८ इंची की २४? बजेट सगळं मिळून एक लाख. त्यावर एक पैसा नाही, घरून ताकीद आहे. मी आणि दोन गडी, तिघं काम करणार.

अवि_महू · सोमवार, रात्री ९.२५

सीधी ७० सीसी घे भिया. मोठी मशीन छोटं झाड कापते, छोटी मशीन मोठं झाड कापत नाही. बात खतम.

सियागंजवाला · सोमवार, रात्री १०.४०

अवि, ६ किलोची मशीन, वर बार, चेन, पेट्रोल, ऑइल. म्हणजे हातात ८ किलोच्या आसपास. ती घेऊन दिवसभर मनगटाएवढ्या फांद्या छाटून दाखव, मग बात खतम म्हण.

रामबागकरदादा, मी या मशिनी दुरुस्त करतो, म्हणून जे टेबलावर येतं त्यावरून बोलतो. तुमचे दोन्ही पिस्टन मशीन स्वस्त म्हणून गेले असतील, पण पहिला संशय मला मिश्रणाचा येतो. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मोजून टाकता की 'एवढं पुरे' म्हणून? कंपनीचं चांगलं ऑइल असेल तर ५०:१, म्हणजे लिटरमागे २० मिली. साधं असेल तर २५:१, लिटरमागे ४० मिली. लोक स्कूटरच्या आठवणीवर ओततात. स्कूटर अशी फुल रेसवर मिनिटभर तरी कोणी ठेवतं का? ही मशीन दिवसभर तिथेच असते.

दुसरं, पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. महिनाभर टाकीत राहिलं की कार्ब्युरेटरचा डायफ्राम, आतला पातळ पडदा, कडक होतो आणि मशीन दुबळ्या मिश्रणावर (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते. ओळखायची खूण: रेस सोडली तरी आवाज लवकर उतरत नाही. लोकांना वाटतं मशीन जोरात आहे. ती जोरात नसते, जळत असते. मिश्रण आठवड्यापुरतंच करा. पावसाळ्यात मशीन ठेवून द्यायची तर टाकी रिकामी करून, बंद पडेपर्यंत चालवून ठेवा.

तिसरं, एप्रिल-मेची माळव्याची धूळ. फिल्टर रोज संध्याकाळी काढून साफ. दर आठवड्याला म्हणणारे माझे जुने गिऱ्हाईक आहेत.

आणि त्या ५८ सीसीबद्दल: कव्हरवरचा आकडा कव्हरवरच राहू द्या. अशा मशिनी खोलल्यावर बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव) मोजला तर बऱ्याचदा कमी भरतो.

रामबागकर · सोमवार, रात्री १०.५५

२० मिली कुठलं, आम्ही झाकणानं टाकतो. झाकण कुठल्या बाटलीचं ते विचारू नका.

जुना_रेंजर · मंगळवार, सकाळी ७.०५

वनविभागात ३१ वर्षं काढली, बरीचशी निमाडात. या धाग्यावर सगळे सीसी बोलताहेत, घेराबद्दल कोणी विचारलंच नाही.

रामबागकर, झाडं केवढी आहेत? फीत लावा छातीच्या उंचीला, १.३७ मीटरवर. घेराला ३.१४ नं भागलं की व्यास. शेतातलं तुमचं सागवान ९० सेंटिमीटर घेराचं असेल तर व्यास २९ सेंटिमीटर, सव्वाअकरा इंच. त्याला १६ इंची बार आणि ४५-५० सीसी भरपूर झाली. ३ मीटर घेराची चिंच असेल तर व्यास ९५ सेंटिमीटर. तिथे ७० सीसी, २५ इंची बार, दोन्ही बाजूंनी काप. या दोन झाडांसाठी एक मशीन शोधणं म्हणजे नांगराला आणि लग्नाच्या वरातीला एकच जनावर शोधण्यासारखं आहे.

लाकूडही बघा. सागात वाळूसारखी सिलिका असते, कापायला मऊ पण धार खाते. चिंचेचा गाभा दगड. निमाडातलं अंजन तर पाण्यात टाकलं की बुडतं. माझे मजूर अंजन म्हटलं की कुऱ्हाड खाली ठेवून आधी बिडी काढायचे.

आता एक अप्रिय गोष्ट. परवानगी कोण काढतं? इंदूर शहराच्या हद्दीत २००१ चा वृक्ष परिरक्षण कायदा लागतो, महापालिकेकडे अर्ज करावा लागतो. बाहेर खासगी जमिनीवर महसूल संहितेचं २४०-२४१ कलम, आणि वाहतुकीला टीपी, म्हणजे वनविभागाचा वाहतूक परवाना. २०१५ मध्ये ५३ जातींना टीपीतून सूट दिली होती, ती अधिसूचना उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये रद्द केली. 'हे तर सुटीतलं झाड' असं कोणी सांगितलं तर त्याच्या शब्दावर गाडी भरू नका. रेंज ऑफिसात विचारा. सागाला तर सूट तेव्हाही नव्हती. मशीन जप्त झाली की ५० आणि ७० दोन्ही सारख्याच.

रामबागकर · मंगळवार, दुपारी १.३०

काका, टीपीचं वाहतुकीमुळे मला पाठ आहे, ते मी बघतो. घेराचं मात्र कधी लिहून ठेवलं नाही. नाही, थांबा, भाड्याची वही आहे, तिच्यात ओंडक्यांची मापं असतात. संध्याकाळी काढतो.

शिंदेछावणी · मंगळवार, दुपारी ३.१५

ग्वाल्हेरहून. आमच्याकडे विलायती बाभूळ आणि शिवपुरीकडे करधई. करधई कापलेल्या माणसाला बाकी जगातलं लाकूड लोण्यासारखं वाटतं.

मी मशीनवर काहीच बोलत नाही. चेनवर बोलतो. चांगल्या मशीनवर बोथट चेन लावली तर बोथट मशीनच विकत घेतली. खाली काय पडतं ते बघा. जाड जाड चकत्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडत असेल तर थांबा, कानस काढा. आमच्या पोरांना थांबायचा कंटाळा, मग मशीनवर वजन टाकून दाबतात. दाबावं लागलं म्हणजे धार गेली, याला दुसरा अर्थ नाही.

आणि टोकदार चौकोनी दाताच्या चेनच्या नादी लागू नका. स्वच्छ, ओल्या लाकडात ती फार सुंदर पळते, पण मातीनं माखलेल्या सालीत तासाभरात गेली. तुमच्याकडे काळी माती, ओढत आणलेला ओंडका आतून-बाहेरून मातीचाच. गोल खांद्याचा दात घ्या, सेमी-चिझल म्हणतात. जरा हळू कापतो, पण दुपारपर्यंत टिकतो.

कानस चेनच्या मापाची. ३/८ इंची मोठ्या चेनला ५.२ मिमी, ०.३२५ ला ४.८, छोट्या बारीक ३/८ ला ४ मिमी. कोन ३० अंश. प्रत्येक दाताला मोजून तेवढेच हात. डावीकडे चार आणि उजवीकडे सहा मारले की काप केळ्यासारखा वाकडा जातो आणि माणूस बारला शिव्या देतो.

हे डावे-उजवे दात आले कुठून ते माहिती आहे का? अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. १९४६ मध्ये त्यानं एका बुंध्यात भुंग्याची अळी पाहिली. ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे चावत, लाकडाच्या रेषेत असो वा आडवं, लाकडातून आरामात चालली होती. त्यानं तोच जबडा पोलादात केला. आपण आजही त्या अळीच्याच मागे चालतोय.

मंजिरी_व · मंगळवार, रात्री ८.५०

मी यातली जाणकार नाही. माझा भाऊ देवासकडे हे काम करायचा. चार वर्षांपूर्वी फांद्या छाटताना चेन बंद व्हायच्या आत मशीन खाली आणली, डावी मांडी. साधी पँट होती. हाड वाचलं, पण आजही जिना चढताना तो आधी उजवा पाय टाकतो.

एक लाखात पँटचे किती पैसे धरलेत, दादा?

अवि_महू · मंगळवार, रात्री ९.०५

ताई, वाईट वाटलं वाचून. पण मेमध्ये, ४३ डिग्रीत, ती जाड पँट? माणूस चेननं नाही, उन्हानं जाईल.

मंजिरी_व · मंगळवार, रात्री ९.३०

अवि, हाच जबाब माझ्या भावाचाही होता. शब्द न शब्द.

नंतर मी सगळं वाचून काढलं, दुसरं काय हातात होतं. त्या कापडात लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंततात आणि चेन जागच्या जागी अडते. कापड कापलं जात नाही असं नाही, ते स्वतः फाटून चेन थांबवतं. म्हणून एकदा चेन लागलेली पँट फेकायची, शिवून घालायची नाही. वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेनपर्यंत तपासलेलं, वर्ग २ म्हणजे २४, वर्ग ३ म्हणजे २८. आणि उन्हाचंच म्हणत असाल तर फक्त पुढून बांधायचे, मागून उघडे असे चॅप्स मिळतात. पहाटे लवकर सुरू करा आणि दहा-अकराला बंद करा. भाऊ आता इतरांना हेच सांगतो.

जुना_रेंजर · मंगळवार, रात्री १०.००

मंजिरीताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या कुपांमध्ये, म्हणजे जंगलातल्या तोडीच्या पट्ट्यांत, सुरुवातीच्या काळात लोक लुंगी वर खोचून मशीन चालवायचे, आणि आम्ही साहेब लोक लांबून बघायचो. त्याची लाज अजून वाटते.

चेनइतकंच झाडही मारतं, म्हणून तेही लिहितो. झाड पाडायच्या बाजूला आधी खाच, व्यासाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकी खोल. मागचा काप खाचेच्या तळापेक्षा जरा वर. दोन्हींच्या मध्ये जी पट्टी सोडायची ती झाडाची बिजागरी. जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी, ३० सेंटिमीटरच्या खोडाला ३ सेंटिमीटर. ही पट्टी झाडाला दिशा देते. घाईत ती पार कापली की झाड त्याला हवं तिकडे जाईल. मागच्या कापात पाचर ठोका, लाकडाची किंवा प्लॅस्टिकची. लोखंडाची पाचर चेनला लागली तर काय होईल ते सांगायला नको. पळायच्या वाटा आधी साफ करून ठेवायच्या, सरळ मागे नाही, मागे तिरप्या. बाकी माणसं झाडाच्या दुप्पट उंचीइतकी लांब.

कललेल्या नीलगिरीपासून विशेष जपा. मागून कापत गेलात की अर्ध्यात खोड उभं फाटतं आणि फाटलेला भाग मागे उसळून छातीवर येतो. तिथे बारचं टोक खोडात आरपार घालून आधी मधलं कापायचं, मागची पट्टी शेवटी कापायची. पण ते वाचून करायचं काम नाही. बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की मशीन उलटी उसळून तोंडाकडे येते. करणाऱ्याच्या शेजारी उभं राहून शिका.

वडोदेकर · बुधवार, सकाळी ११.२०

बडोद्याहून. आमच्या गावाचं नावच वडावरून, त्यामुळे वादळ झालं की अर्धं गाव रस्त्यावरच्या वडाखाली अडकतं. शहरातलं काम घेणार असाल तर एकच सांगतो: खिळे. शंभर वर्षांच्या झाडात शंभर वर्षांच्या पाट्या, तारा, खिळे गिळलेले असतात. सालीवर काळा-निळा डाग दिसला तर तिथे कापू नका. आणि आडव्या पडलेल्या झाडाच्या दबलेल्या फांद्या धनुष्यासारख्या ताणलेल्या असतात, वाट्टेल तिथे तोंड मारू नका.

फांद्यांसाठी बॅटरीची एक छोटी ठेवलीय. सोसायटीवाले आवाजाची तक्रार करत नाहीत. दिवसभराच्या तोडीला ती नको.

रामबागकर · बुधवार, रात्री ९.४५

वही काढली. गेल्या सीझनचे ओंडके मोजले, बुंध्याकडचं माप धरलं. १४२ झाडं. त्यातली १२१ एक मीटर घेराच्या आतली. एक ते दोन मीटरमधली १५. दोनच्या वर फक्त ६, आणि त्यातल्या चार चिंचा एकाच शेतकऱ्याच्या.

म्हणजे सहा झाडांसाठी मी सत्तर सीसी घेणार होतो.

अवि_महू · बुधवार, रात्री ९.५०

हौ, मग ठीक आहे. माझे शब्द मागे.

सियागंजवाला · बुधवार, रात्री ११.१०

आता मॉडेल बोलायला अर्थ आहे.

स्टीलची एमएस २५० म्हणजे ४५.४ सीसी, २.३ किलोवॉट, ४.६ किलो. हस्कवर्नाची ४४५ म्हणजे ४५.७ सीसी, २.१ किलोवॉट, ४.९ किलो. दोन्ही चांगल्या, पण दोन्ही शेतकऱ्याच्या वर्गातल्या, सांगाडा प्लॅस्टिकचा. रोज आठ तास धंद्याला लावल्या तर चालतील, फक्त आयुष्य कमी. त्याच्या वर धंद्याच्या मशिनी, क्रँककेस मॅग्नेशियमची. एमएस ३६१ म्हणजे ५९ सीसी, ३.४ किलोवॉट, ५.६ किलो. एमएस ३८२ म्हणजे ७२.२ सीसी, ३.९ किलोवॉट, ६.२ किलो. हस्कवर्नाची ३७२ एक्सपी ७०.७ सीसी, याच गटातली. सीसी बघू नका, किलोमागे किती किलोवॉट पडतात ते बघा. तुमच्या वहीप्रमाणे एक ५९-६० सीसीची तोडायला आणि एक ४५ ची छाटायला. सहा चिंचांसाठी मोठी मशीन भाड्यानं आणा, चालवणाऱ्यासकट.

स्टील की हस्कवर्ना हा प्रश्न मला रोज विचारतात. मी म्हणतो दुकानात जा आणि मशीनचं नाव न काढता चार गोष्टी मागा: क्लच ड्रम, डायफ्राम किट, ऑइल पंप, स्टार्टरची स्प्रिंग. चारही काउंटरवर आले तर ती कंपनी तुमची. 'मागवावं लागेल' ऐकलं की चहा पिऊन परत या. धंद्यात मशीन बंद म्हणजे तीन माणसांची मजुरी चालू.

नकली मालही फिरतोय, रंग तोच, स्टिकर तोच. क्रँककेसवर ठोकलेला नंबर बघा आणि बिलावर तोच नंबर लिहून घ्या. बिल देताना दुकानदार इकडे-तिकडे बघायला लागला तर तुम्हीही दरवाज्याकडे बघा.

बारच्या टाकीत जळकं इंजिन ऑइल ओतू नका. त्यातला धातूचा चुरा पंप खातो. टाकी भरल्यावर टोक एखाद्या सुक्या ओंडक्याजवळ, न टेकवता धरून रेस द्या. तेलाची रेघ उमटली तर पंप चालू आहे. आणि काम संपल्यावर गरम चेन ढिली करा. थंड होताना ती आखडते आणि क्रँकशाफ्टला ओढून धरते. हे शेवटचं बरेच जुने चालवणारेही करत नाहीत.

शिंदेछावणी · गुरुवार, सकाळी ८.३०

मशीनमागे तीन-चार चेन घ्या, आलटून-पालटून लावा, म्हणजे स्प्रॉकेट आणि चेन बरोबर झिजतात. बार दरवेळी उलटा करा. सकाळी घरून धार लावलेल्या चेन घेऊन निघायचं. उन्हात ट्रॉलीवर बसून कानस मारणारा माणूस धार लावत नाही, राग काढतो.

रामबागकर · तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.२०

घेतल्या. एक ५९ सीसीची, १८ इंची बार. एक ४५ ची, १६ इंची. दोन दुकानांत चार पार्ट मागितले. पहिल्या ठिकाणी 'मागवावं लागेल', तेही चारपैकी तीनला. दुसऱ्या ठिकाणी पोरानं आत जाऊन चारही आणून ठेवले आणि विचारलं, मशीन कुठली आहे? म्हटलं, अजून नाहीये. तो हसलाच.

दोन चॅप्स, दोन हेल्मेट जाळीची आणि कानझाकणी असलेली, सहा चेन, कानशी, मापाचा मग. एक लाखावर अकराशे गेले. ते घरी सांगितलेले नाहीत. चॅप्स दोनच का, माणसं तीन आहेत ना, हे मंजिरीताई विचारतील म्हणून आधीच सांगतो: मशिनी दोनच आहेत, जो मशीन धरेल त्याच्या पायाला चॅप्स. पहिल्या दिवशी धाकट्या गड्यानं 'गरम होतंय' म्हणून काढले. मी मशीन त्याच्या हातातून घेतली आणि फांद्या ओढायला लावला. दुसऱ्या दिवशी न सांगता बांधून आला.

रेंजरकाकांच्या एका जुन्या माणसानं दोन दिवस उभं राहून खाच आणि बिजागरी शिकवली. नीलगिरीत बार घालणं अजून त्याच्याच हातून.

तक्रार एकच, आणि चूक माझीच. चौथ्या दिवशी ओंडक्याचे तुकडे करताना टोक खाली काळ्या मातीत गेलं. एक सेकंदसुद्धा नसेल. त्यानंतर नुसतं पीठ. कानशीनं दात परत आणले, पण आता कापायला नको म्हणते, पुढे सरकतच नाही. दाताच्या पुढची ती छोटी उंची वाढलीय का?

शिंदेछावणी · रविवार, रात्री ८.४५

वाढली नाही, दात खाली गेला आणि ती तिथेच राहिली. तिला रेकर म्हणतात. दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली हवी. मापाची पट्टी ठेवून चपट्या कानशीनं घासा. पट्टीशिवाय अंदाजे घासू नका, जास्त खाली गेली की चेन लाकडाला झडप घालते आणि मशीन हातातून हिसका देते.

रामबागकर · रविवार, रात्री ८.५०

पट्टी दोन दुकानांत विचारली, नाही मिळाली.

सियागंजवाला · रविवार, रात्री ८.५२

माझ्या खणात दोन आहेत. उद्या अकरानंतर या, चेन घेऊन या. आणि तो ऑइलचा मगही आणा, एकदा बघू द्या कुठल्या मापाचा घेतलाय.